ज्ञानपंचमीची वही आणि शेजारची शाळा

कार्तिक शुद्ध पंचमीचा दिवस जैन व्यापारी कुटुंबांत दुहेरी महत्त्वाचा मानला जातो. त्या दिवशी ज्ञानपंचमीनिमित्त ग्रंथांचे पूजन होते. मुले आपली वही-लेखणी घेऊन उपाश्रयात येतात. त्याच तिथीला लाभपंचमीच्या मुहूर्तावर दिवाळीत मिटलेली पेढी पुन्हा उघडते आणि नव्या खातेवहीत पहिली नोंद होते. ज्ञान आणि लाभ यांना एकाच दिवशी वंदन करण्याची ही प्रथा अर्थपूर्ण आहे.

पनवेलच्या बाजारपेठेतील पेढ्याही त्या दिवशी उघडतात. पेढीवरील नोकर, माल वाहणारा हमाल, घरकामाला येणारी बाई हे सारे कामावर रुजू होतात. त्यांचीही मुले शिकतात. परंतु ती बहुधा नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत. पेढीच्या मालकाची मुले त्या शाळांच्या पायऱ्या क्वचितच चढतात. म्हणूनच त्या शाळांविषयी सरकार कोणते कायदे करते आणि कोणते निर्णय घेते, याकडे समाजाचे सहसा लक्ष जात नाही. ते जाणे आवश्यक आहे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि भोवतालची गावे तिच्या हद्दीत आली. गावे आली, परंतु त्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांच्या हस्तांतराचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. शहराबाहेर, माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे आणि धोदाणीच्या परिसरात, आदिवासी वाड्या आहेत. वाडीत घरेच मोजकी, तेव्हा शाळेचा पटही लहानच राहणार. राज्यातील सध्याचा वाद प्रामुख्याने अशाच लहान शाळांभोवती फिरत आहे.

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. त्यामागील युक्तिवाद उपेक्षिण्याजोगा नाही. आठ-दहा मुले आणि चार इयत्तांना मिळून एकच शिक्षक, अशा शाळेत खेळाला गडी मिळत नाहीत, अभ्यासाला सोबती मिळत नाही, आणि शिक्षक बैठकीला गेला की त्या दिवशी शाळाच नसते. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक या गोष्टी शक्य होतात. विरोधकांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याखालील राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. हे अंतर वाढले, तर पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांचे मूल जाणार कसे? वाहनाची सोय एखादे वर्ष होईल. ती बंद पडली की प्रथम घरी बसते ती मुलगी.

व्यापाऱ्याच्या दृष्टीला पहिला युक्तिवाद लवकर पटतो. जे दुकान चालत नाही ते बंद करावे, हा व्यवहार झाला. परंतु दुकान बंद झाले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते; वाडीतील शाळा बंद झाली तर मूल पुढच्या शाळेत जाईलच, अशी हमी कोणी देत नाही. ते वीटभट्टीवर जाईल, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळीत दारात बसेल. ताळेबंदात वाचलेला खर्च तेवढा दिसतो. हे नुकसान दिसत नाही.

हा झगडा नवा नाही. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अत्यंत माफक होती: ज्या स्थानिक संस्थांची इच्छा असेल त्यांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करता यावे. तरीही १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. पैसा कोठून आणायचा, हा तेव्हाही मुख्य आक्षेप होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ मध्ये, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढील वर्षी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. कोल्हापूरच्या कायद्याने कर्तव्य ठरविले होते. मुंबईच्या कायद्याने मुभा दिली. मुभेचा उपयोग करायचा की नाही, हे त्या त्या गावातील प्रतिष्ठितांच्या इच्छेवर राहिले.

आजच्या कायद्यात कर्तव्य स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही इच्छेचा प्रश्न सुटलेला नाही. खासगी शाळांनी पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी या कायद्यात तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या बंधनातून मोकळे केले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. न्यायालयाने दार उघडे ठेवले हे योग्यच झाले. परंतु उरलेली बहुसंख्य मुले ज्या सरकारी शाळेत राहतात, ती शाळा न्यायनिर्णयाने सुधारत नाही.

ती सुधारावी म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने ‘शाळा दत्तक’ योजना जाहीर केली. समाजातील दानशूरांचा संबंध येतो तो येथे. उद्योग, संस्था किंवा व्यक्ती यांनी शाळेला वस्तू व सेवांच्या रूपाने साहाय्य करावे आणि त्या काळापुरते आपल्या पसंतीचे नाव शाळेच्या नावासोबत जोडावे, अशी ही कल्पना. ‘ड’ वर्ग महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या क्षेत्रातील शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी रुपये असे मूल्य ठरविण्यात आले. शासन आपली जबाबदारी झटकत आहे, असा आक्षेप शिक्षक संघटनांनी आणि अनेक शिक्षणतज्ज्ञांनी घेतला. त्यात तथ्य आहे. शिक्षकाची रिक्त जागा कोणताही दाता भरू शकत नाही. ते शासनाचेच काम. तथापि शासनाकडे बोट दाखवून समाजाने स्वस्थ बसावे, हेही समाजाच्या परंपरेला धरून नाही.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन परंपरेत सांगितली आहेत. तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणीय कर्माच्या कारणांमध्ये दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे हेही गणले आहे. अंतराय नेहमी हाताने आणावा लागतो असे नाही. शेजारी अडथळा दिसत असताना दृष्टी वळविणेही त्याच्या जवळ जाते.

या परंपरेतूनच कर्मवीर भाऊराव पाटील घडले. जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालू केले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या वसतिगृहाला नाव मिळाले ते दात्याचे नव्हे, शाहू छत्रपतींचे. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच रयत संस्थेचे. येथील कितीतरी व्यापाऱ्यांच्या मुलांनी तेथे पदवी घेतली आहे. म्हणजे त्या मंगळसूत्राचे ऋण पनवेलच्या पेढ्यांवरही आहे.

हे ऋण फेडण्यासाठी कोटीची देणगीच हवी, असे नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. हे पालक बहुधा रोजंदारीवरचे. बैठकीला जायचे तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो आणि जमाखर्चाचे कागद त्यांना परके वाटतात. कोणाच्या पेढीवरील नोकर किंवा घरातील मदतनीस अशा समितीवर असेल, तर बैठकीच्या दिवशी पगार न कापता त्याला रजा देणे, हे दानच आहे. हिशेबाचा कागद वाचायला त्याला पेढीवर शिकविणे, हे त्याहून मोठे दान आहे. त्यात पैसा जवळजवळ लागत नाही आणि नावाची पाटीही लागत नाही.

ज्यांना वस्तू द्यायच्या आहेत त्यांनीही प्रथम समितीचा आराखडा पाहावा. मागणी न विचारता माल भरणारा व्यापारी तोट्यात जातो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जेथे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही तेथे संगणक दिला, तर छायाचित्र चांगले येते. मुलगी मात्र घरीच राहते. आणि दिलेल्या वस्तूची दुरुस्ती कोण करणार, हे ठरल्याशिवाय देणे पुरे झाले असे समजू नये.

समूह शाळांचा निर्णय पुढे कसा होईल ते विधिमंडळ आणि न्यायालये पाहतील. वाडीतील शाळा वाचवायची असो वा नव्या मोठ्या शाळेपर्यंत मुलाला सुखरूप पोहोचवायचे असो, दोन्हींसाठी त्या मुलाचे नाव माहीत असणारा कोणीतरी गावात असावा लागतो. येत्या ज्ञानपंचमीला घरातील वह्यांचे पूजन होईल तेव्हा पेढीवर काम करणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत, कितव्या इयत्तेत शिकतात, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने विचारून घ्यावे. लाभपंचमीच्या नव्या खातेवहीतील पहिली नोंद तीच व्हावी.