कादंबरीवर सिनेमा जरूर काढावा, पण…




गेल्या आठवड्यात याच पानावर एका बंधूंनी लिहिलं होतं की, गाजलेल्या कादंबऱ्यांवर सिनेमे काढूच नयेत. त्यानं वाचन बुडतं आणि मूळ गोष्टीची मोडतोड होते. मोडतोड होते हे खरं आहे. तरीही मी सिनेमाच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

माझी आई मराठी बायबल अडखळत वाचायची. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. ‘बेन-हर’ कॅम्पातल्या टॉकीजला लागला तेव्हा मी मॅट्रिकला होतो. साडेतीन तासांचा सिनेमा, मी जमेल तसं तिच्या कानात मराठीतून सांगत होतो. रथांच्या शर्यतीला सगळं थेटर ओरडत होतं, आई गप्प. पण बेन-हरची आई आणि बहीण कुष्ठरोगी होऊन दरीत लपून राहतात, तिथं ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. घरी आल्यावर तिनं सांगितलं की तिला एक थोरला भाऊ होता. त्याला हाच रोग झाला आणि घरच्यांनी त्याचं नाव घेणंच सोडलं. मला मामा होता हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या रात्रीपासून आमच्या घरात त्याचं नाव निघू लागलं. हे काम पुस्तकानं आमच्या घरी केलं नसतं, कारण ते आईपर्यंत पोचलंच नसतं.

पुढं नोकरीला लागल्यावर मी कादंबरी मिळवून वाचली. ल्यू वॉलेस या अमेरिकन सेनानीनं ती 1880 मध्ये लिहिली. आम्ही पाहिलेला सिनेमा 1959 चा. फरक बराच. कादंबरीत आई आणि बहीण झावळ्यांच्या रविवारी, प्रभू यरुशलेमेत येत असताना बऱ्या होतात. सिनेमात वधस्तंभाच्या वेळच्या वादळात. हा बदल मला चालला, दया तीच आहे. पण कादंबरीतला बेन-हर प्रभूला रोमविरुद्धचा राजा समजून गालीलात फौज उभी करतो, आणि हे राज्य तलवारीचं नव्हे हे त्याला उशिरा उमगतं. सिनेमात ती फौजच नाही. हे गाळायला नको होतं. आमच्या तरुणांनी तेच तर वाचायला हवं.

मग कशाला हात लावावा आणि कशाला नाही? वॉलेस स्वतः यावर ठाम होता. 1899 मध्ये त्याच्या कादंबरीवर नाटक आलं, तेव्हा त्याची अट होती की येशूचं काम कुणा नटानं करायचं नाही. रंगमंचावर फक्त प्रकाशाचा झोत दाखवला गेला. 1959 च्या सिनेमातही प्रभूचा चेहरा दिसत नाही. पाणी पाजणारे हात दिसतात, आणि समोरच्या रोमी शिपायाचा उतरलेला चेहरा. 2016 च्या नव्या सिनेमात मात्र नट समोर येऊन बोलतो. नातवाच्या मोबाईलवर मी तो पाहिला. वाईट नाही, पण ते हात आठवत राहिले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सिनेमा काढावा, काटछाटही करावी, पण लेखकानं जे जपलं ते जपावं. आणि आपण पाहणाऱ्यांनी पाहून थांबू नये. आपल्या तरुण संघांना विनंती आहे की, पुढच्या झावळ्यांच्या रविवारी ‘बेन-हर’ दाखवा, आणि कुष्ठरोगी बरे होण्याचं कादंबरीतलं प्रकरण कुणीतरी मराठीत सांगा. मंडळीत माझ्या आईसारखं कुणीतरी बसलेलं असेल.

— एक वाचक, कॅम्प, बेळगाव