कोळंबीच्या पिल्लांना डॉक्सी?

मागच्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक तिशीतला तरुण आत आला. तब्येतीची काही तक्रार नव्हती. त्याला डॉक्सीसायक्लिनची चिठ्ठी हवी होती. कुणासाठी, असं विचारल्यावर जरा ओशाळला. म्हणाला, "सर, कोळंबीच्या पिल्लांसाठी."

त्याच्या घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. त्यात लाल रेघांची पेपरमिंट कोळंबीची जोडी. या जातीत नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक कोळंबी आधी नर असते आणि मोठी झाली की एकाच वेळी नरही असते आणि मादीही. त्यामुळे जोडी जमवण्याची चिंता नाही. पोटाखाली हिरवट अंडी दिसली आणि दोनेक आठवड्यांनी दिवे मालवल्यावर रात्रीत शेकडो पिल्लं पाण्यात तरंगू लागली. त्याने ती वेगळ्या भांड्यात काढली, रात्री उठून खायला घातलं. आठव्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळी तळाला. 'पुढच्या खेपेला पाण्यात अँटिबायोटिक टाक,' असं कुणीतरी त्याला सांगितलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय औषध दिलं नाही (हे ऐकून मला बरं वाटलं), म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी चिठ्ठी दिली नाही. जाताना तो म्हणाला, "सर, मी ही कोळंबी खाणार थोडीच आहे?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण आपला कायदाही जवळपास हेच म्हणतो. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांची आयात, उत्पादन आणि विक्री थांबवली, पण ती अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांपुरती. १ एप्रिल २०२५ पासून अन्नातल्या अँटिबायोटिकच्या अंशांबद्दल एफएसएसएआयचे नियमही कडक झाले. दोन्ही निर्णय योग्यच आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित का होईना, पण अस्थिमज्जा रक्त तयार करणंच थांबवते. आशियातल्या कोळंबीत या औषधाचे अंश सापडल्यावर २००१-०२ मध्ये युरोपने माल अडवला होता, ती आठवण निर्यातदार अजून विसरलेले नाहीत. किनाऱ्यावरच्या हॅचरींवर २००५ च्या कायद्याने आलेल्या कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची नजर असते.

पण या सगळ्या नियमांमागे ताटातली कोळंबी आहे. दिवाणखान्यातली कोळंबी कुणाच्याच यादीत नाही. जिवाणूला मात्र ताट आणि दिवाणखाना यांतला फरक कळत नाही.

ही पिल्लं मरतात का, ते आधी पाहू. अंड्यातून निघालेली अळी कोळंबीसारखी दिसतही नाही. तिला झोया म्हणतात. आकार काही मिलिमीटर, शरीर पारदर्शक, पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. कात टाकत टाकत ती एकेक टप्पा ओलांडते. पेपरमिंटला यासाठी महिना-दोन महिने लागतात, तिच्या नात्यातल्या क्लीनर कोळंबीला त्याहून कितीतरी जास्त. या काळात तिला सतत जिवंत खाणं लागतं. ते कमी पडलं तर ती कात टाकते, पण पुढच्या टप्प्यात जात नाही. आहे तिथेच अडकते आणि एक दिवस मरते. म्हणजे बऱ्याचदा दोष उपासमारीचा असतो.

दुसरा दोषी व्हिब्रिओ. कॉलऱ्याचा जंतू याच कुळातला. त्याचे समुद्री भाऊबंद कोळंबीच्या अळ्यांवर तुटून पडतात. ते येतात बहुधा खाण्यातूनच. पिल्लांना आर्टेमिया नावाच्या इवल्या खाऱ्या जीवाची नुकती फुटलेली पिल्लं देतात. अंडी उबवलेलं ते कोमट पाणी म्हणजे जिवाणूंचं सूपच. ते गाळून न धुता ओतलं, की आपणच चमच्याने व्हिब्रिओ भरवतो.

मग डॉक्सी टाकली तर काय बिघडलं? टेट्रासायक्लिन गटातली औषधं दुधाबरोबर घेऊ नका, असं आम्ही रुग्णांना सांगतो, कारण दुधातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. समुद्राच्या पाण्यात तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. औषधाचा बराचसा भाग तिथेच अडकतो, उजेडातही ते विघटित होतं. परिणाम दिसत नाही म्हणून माणूस आणखी एक कॅप्सूल फोडतो. जे थोडं मोकळं उरतं ते जिवाणूंना मारायला अपुरं, पण सरावाला पुरेसं. वर अमोनियाचा निचरा करणाऱ्या उपकारक जिवाणूंनाही औषधाचा फटका बसू शकतो. मग अमोनिया वाढतो आणि पिल्लं पुन्हा तळाला.

पाण्यातला जिवाणू पाण्यात राहील, असं कुणाला वाटत असेल तर एक उदाहरण देतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटाला दाद न देण्याची ताकद देणारं क्यूएनआर-ए नावाचं जनुक रुग्णालयांतल्या जंतूंमध्ये सापडलं. त्याचं मूळ शोधत गेलेल्या शास्त्रज्ञांना २००५ मध्ये ते शेवानेला अल्जी या समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूत मिळालं. तिथून ते उड्या मारत आमच्या वॉर्डांत आलं. ज्या टँकमध्ये आठवडेच्या आठवडे पातळ अँटिबायोटिक घोळतंय, तो अशा उड्यांचा सराव करण्याची जागाच. पाणी बदलताना ते बेसिनमध्ये जातं आणि पुढे सांडपाण्यात आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंना भेटतं.

इथे प्रमाणाचं भान ठेवायला हवं. सर्दी-खोकल्यावर आम्ही डॉक्टर मंडळी जी अँटिबायोटिक्स लिहितो, त्यापुढे एका फिश टँकचं पाप किरकोळ आहे. त्या तरुणाला उपदेश करताना मला ते आठवत होतं. पण छोटी फट बुजवायला सोपी असते. अमेरिकेत माशांसाठीची अँटिबायोटिक्स वर्षानुवर्षं दुकानांत मिळत होती, काही माणसं ती स्वतःच गिळतही होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एफडीएने शोभेचे मासे आणि पक्षी यांच्यासाठी अशी विनापरवाना औषधं विकणाऱ्या नऊ कंपन्यांना ताकीद दिली. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पुड्यांवर नीट घटकही छापलेले नसतात. 'अन्नासाठी' या शब्दाच्या पुढे 'आणि शोभेसाठी' एवढं जोडायला कुणाची हरकत असेल, असं मला वाटत नाही.

औषधाशिवाय हे जमतं का? जपानमध्ये मोटोसाकू फुजिनागा यांनी कोळंबीच्या अळ्या प्रथम वाढवल्या त्या १९३० च्या दशकात, पेनिसिलिन बाजारात येण्याच्या आधी. त्यांनी अळ्यांना सूक्ष्म शैवाल खाऊ घातलं. आज लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक महिलांना शोभेची समुद्री कोळंबी वाढवायला शिकवलं आहे. घरी करायचं तर गोल बुडाचं भांडं, हवेचा मंद बुडबुडा, तळाची घाण रोज नळीने काढणं, आर्टेमियाची अंडी ब्लीचने सोलून घेणं आणि पिल्लं स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन मगच देणं. कंटाळवाणं काम आहे. कॅप्सूल फोडणं त्यापेक्षा सोपं, हे मान्य.

निघताना मी त्याचे हात पाहून घेतले. टँकमध्ये हात घालणाऱ्यांच्या बोटावर कधी कधी क्षयाच्या जंतूच्या चुलतभावामुळे गाठ येते. मायकोबॅक्टेरियम मरिनम त्याचं नाव. हळूहळू वाढते, दुखतेच असं नाही, आणि डॉक्टरला टँकबद्दल सांगितलं नाही तर निदान महिनोन्महिने चुकतं. उपचारही काही महिने चालतात. त्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक डॉक्सीसायक्लिन. त्याच्या हातावर गाठ नव्हती, अंगठ्याजवळ एक ताजा ओरखडा होता. हातमोजे घाल म्हटलं.

परवा त्याचा फोन आला. नवी खेप पंधराव्या दिवसापर्यंत पोचली आहे, साठेक पिल्लं उरली आहेत. आर्टेमिया धुवायला बायकोची चहाची गाळणी घेतली म्हणून घरात भांडण झालं, एवढीच तक्रार होती.