पन्नास रुपयांचा दंड

उसाच्या गळिताचे दिवस होते. १९९४ साली तालुक्याच्या गावी मी बँकेत शेतीकर्जे पाहत होतो. तिथले फौजदार भर दुपारी कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहत आणि मानेला जखम झालेला बैल दिसला की गाडी सोडायला लावत.

एकदा त्यांनी अडवलेली जोडी आमच्याच कर्जातली निघाली. गाडीवान माझ्याकडे आला. ‘साहेब, खेप चुकली तर हप्ता कुठून भरू?’

मी फौजदारांना गाठले. ते म्हणाले, ‘दंड पन्नास रुपये. तो मीही भरीन. पण बैल आठ दिवस उभा राहिला तर याची चूल कशी पेटायची, ते बँकेने सांगावे.’

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६०चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ओढकामाच्या जनावरांना दिवसाला ९ तासांहून अधिक जुंपू नये, हा नियम १९६५चा. जुलै २०२४मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली. जनावर ठार किंवा जायबंदी करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आली. छळाचा दंड मात्र तेव्हाही पन्नासच राहिला.

फौजदारांची बदली झाली आणि रस्त्यावरची तपासणीही थांबली. एका माणसाच्या कळवळ्यावर चालणारा कायदा त्याच्याबरोबरच गाव सोडतो. दंड वाढायलाच हवा. पण जनावराच्या विश्रांतीचे दिवस हप्त्यांत धरायला हवेत, हेही तितकेच खरे. तसे वरिष्ठांना लिहिणे माझ्या हातात होते. मी लिहिले नाही.