सीमेपलीकडचे सोयरे आणि ऊन पाणी

परदेशी असलेल्या आप्तांकडे जाऊन येण्याची हौस अलीकडे आपल्या जिल्ह्यातही आली आहे. कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाची लेक अमेरिकेत. तिकडून परतलेली मंडळी ओमानातील रुस्ताकचा उष्ण झरा किंवा जपानातील बेप्पू नगरीची स्नानगृहे यांची वर्णने मोठ्या रसाने ऐकवितात. ती ऐकावयास आम्हांसही आवडतात. परंतु आपल्या शाळेतील पुष्कळशा मुलांचा ‘परदेश’ याहून फार जवळ आहे. तो किनवट तालुक्यात आहे. आणि तेथेही ऊन पाण्याचा झरा आहे.

किनवट तालुका पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो नांदेडकडे, म्हणजे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. पुढे १९६० मध्ये ते महाराष्ट्र झाले आणि २०१४ मध्ये हे तेलंगण. कोणी घर हलविले नाही, शेत विकले नाही. तरी आत्याचे घर एका राज्यात आणि भाच्यांचे दुसऱ्या राज्यात असे होऊन बसले. आज इकडचा मुलगा तेलुगू शिकतो, त्याच्या मामाच्या मुलास ती कळत नाही. पाठ्यपुस्तके निराळी, सुट्ट्या निराळ्या. भेटी उरल्या त्या लग्नकार्याच्या आणि दहाव्या-बाराव्याच्या. सकाळी जावे, पंगत उठली की परतावे! अशा भेटीत मुलांना एकमेकांची नावे तरी धड कळतात काय, याची आम्हांस शंका आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सोयऱ्यांकडे जावे ते कार्य नसताना जावे, दोन-तीन दिवस राहावे, आणि त्यांतील एक सकाळ सर्वांनी मिळून उनकेश्वरास घालवावी. पैनगंगेच्या काठचे हे क्षेत्र किनवटपासून फार दूर नाही, आणि किनवट तर मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरच आहे. मग झराच का, देऊळ किंवा बाजार का नव्हे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. ऊन पाण्यात बसलेल्या माणसास दुसरे काही करताच येत नाही. हातातला मोबाइल काठावर ठेवावा लागतो, आजोबांचे गुडघे सैल होतात, आणि मग जुन्या गोष्टी आपोआप निघतात. वाटणीचा वाद घालण्यास ही जागा फारशी सोयीची नाही, हाही एक लाभच!

‘ऊन’ हा शब्दच मुलांनी ध्यानात घ्यावा. उनकेश्वर, खानदेशातील उनपदेव, आमच्या कोकणात राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे: ही सारी गावे ऊन पाण्यावरूनच ओळखली जातात. आमच्या कोंकणीत आम्ही त्यास ‘हून उदक’ म्हणतो. तेलुगूत ऊन म्हणजे ‘वेडि’. तो शब्द ऐकून मराठी मुले हसतात, हसोत बापडी. या झऱ्यांखाली ज्वालामुखी पेटलेला नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते. दर किलोमीटरास भूगर्भाची उष्णता सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापलेले पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून त्वरेने वर आले की ऊनच राहते. वाटेत खडकांतील क्षार व गंधक त्यात मिसळतात, म्हणून तो विशिष्ट वास.

या गंधकामुळेच येथे त्वचारोगी माणसे मोठ्या श्रद्धेने येतात. आणि नेमके तेच कारण सांगून कित्येक सुशिक्षित कुटुंबे उनकेश्वरास जाण्याचे टाळतात. “तिथे रोगी असतात” हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. आम्हांस ते मान्य नाही. कुष्ठरोग केवळ स्पर्शाने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच केली. ती औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि त्यांनी रोग पूर्ण बरा होतो. पाण्याने तो बरा होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. झऱ्यापाशी एखादा रोगी भेटला तर त्यास प्रेमाने दवाखान्याची वाट सांगावी. तोंड फिरविणाऱ्या दहा माणसांपेक्षा अशी वाट सांगणाऱ्या एकाची त्यास अधिक गरज असते.

स्वच्छतेचे मात्र जपानी लोकांकडून शिकावे. ते कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर अंग चोळून धुतात आणि पंचासुद्धा कुंडातील पाण्यात बुडवीत नाहीत. आपण साबण, निर्माल्य आणि जुने कपडे पाण्यात सोडतो व वर पाणी पवित्र आहे म्हणतो. असे पावित्र्य आमच्या समजुतीपलीकडचे आहे.

ज्यांस हृदयविकार आहे त्यांनी वैद्यास विचारल्यावाचून ऊन पाण्यात बसू नये. लहान मुलांनी बुडी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. आणि वैशाखात तर कोणीच जाऊ नये. आदिलाबादचा उन्हाळा स्वतःच पुरेसे ऊन पाणी पाजतो. संक्रांतीची सुटी उत्तम. त्या दिवसांत आपल्याकडे थंडी कडाक्याची असते. सोयऱ्यांना आधी कळवावे, तिळगूळ बरोबर घ्यावा, आणि आजीचे कोरडे लुगडे व शाल निराळ्या पिशवीत बांधावी. स्नानानंतर काठावर गार वारे लागते.