रीबूट करून पुरावा पुसू नका

मंडळी, "चालत नाही? मग रीबूट कर" हा मंत्र हल्ली घरातल्या पोरांपासून मोठमोठ्या संगणक केंद्रांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. घरच्या संगणकाला खुशाल लावा, माझी हरकत नाही. पण शंभर-दोनशे यंत्रं एकत्र जुंपलेल्या लिनक्स क्लस्टरवर कुणी ऊठसूट हेच करत असेल, तर तो दुरुस्ती करत नाही. पंचनामा व्हायच्या आधी जागा धुऊन काढतो!

क्लस्टरमधल्या एकेका यंत्राला नोड म्हणतात. पुष्कळ नोडना स्वतःची डिस्कच नसते. ते नेटवर्कवरून कर्नल मागवतात आणि सगळा संसार रॅममध्ये थाटतात. त्यांची नोंदवही, म्हणजे लॉग, तीही रॅममध्येच. रीबूट केलं की पाटी कोरी. म्हणून प्रत्येक नोडने आपली नोंद तिथल्या तिथे एका मध्यवर्ती यंत्राकडे पाठवत राहिलं पाहिजे. यात नवं काहीही नाही. सिसलॉग एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात लिहिला. आरसिसलॉगचं काम २००४ साली सुरू झालं, आणि तो फुकट मिळतो. मी इंजिनिअर नव्हे, शाळामास्तर. पण शाळेचं मस्टर मुख्याध्यापकांच्या खोलीत का असतं, शिक्षकाच्या पिशवीत का नसतं, एवढं मला कळतं.

माझ्या पुतणीचं सांगतो. ती एका संशोधन संस्थेत (नाव कशाला घ्या) पीएचडी करत होती. तिचा प्रोग्रॅम कधी दोन दिवस नीट चाले, कधी मध्येच मरे. केंद्रातले लोक नोड रीबूट करत आणि सांगत, "तुझाच प्रोग्रॅम तपास." पोरीने दीड महिना स्वतःच्या चुका शोधल्या. शेवटी तिनेच वहीत लिहायला सुरुवात केली, कुठल्या नोडवर मेला, किती वाजता. सात वेळा मेला, सातही वेळा नोड तोच! मग एका भल्या माणसाने तो नोड सुरू होताना कन्सोल लावून पाहिलं. मेमरीची एक पट्टी खराब झाली होती. बायोसने ती बाद करून यंत्र पुढे चालू केलं होतं. बाकी सगळ्या नोडवर १९२ जीबी आणि याच्यावर १७६. मेमरी संपली की कर्नल कुठल्या तरी मोठ्या प्रोग्रॅमचा गळा दाबतो. इथे तो बिचारीचा होता. नोड दर वेळी सुरू होताना आपल्याकडे किती मेमरी आहे ते पहिल्या काही ओळींत सांगत होता. सगळ्यांच्या त्या ओळी एका ठिकाणी असत्या तर ३९ एक आकडा सांगतात आणि एक वेगळा, हे पाच मिनिटांत दिसलं असतं. पोरीचा दीड महिना कोण भरून देणार?

काही जण म्हणतील, आमच्याकडे मध्यवर्ती लॉग आहे की. असेल. पण नेटवर्क आणि सिसलॉग उठायच्या आधीच नोड गचकला तर तिकडे काय पोचणार? डोंबल! त्या वेळचं बोलणं ऐकायला सिरियल कन्सोल लागतो. सर्व्हरमध्ये बीएमसी नावाची वेगळी चिप असते, मुख्य यंत्र बंद असलं तरी ती जागी असते, आणि आयपीएमआय २.० पासून, म्हणजे २००४ पासून, ती हा कन्सोल नेटवर्कवरून देते. कॉनमॅनसारखा प्रोग्रॅम तो सगळा उतरवून ठेवतो. आणि वर एक गंमत पाहा. कर्नलला सुरुवातीलाच 'क्वाएट' असा शब्द देऊन ठेवलेला असतो, म्हणजे गप्प बस. नोड नीट उठला तर बिघडत नाही, नोंदी आत असतातच. पण उठलाच नाही तर काय झालं ते सांगायच्या वेळीच त्याचं तोंड बंद! आमच्या वर्गांतली 'गप्प बसा' संस्कृती इथेही पोचली म्हणायची.

दुसरा आक्षेप, एवढे लॉग वाचणार कोण? अहो, रोज कोण वाचायला सांगतंय? मस्टर तरी रोज कोण वाचतं? वाद निघाला की उघडतात. यंत्रासाठी कोटींनी मोजायचे आणि लॉगच्या सर्व्हरचं नाव काढलं की हात आखडायचा, हे मला पटत नाही. तो सर्व्हर घेतलाच तर नोंदी यूडीपीने पाठवू नका. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचलं तर पोचलं. वीज येऊन सगळे नोड एकदम उठतात तेव्हा नेमकी तीच पत्रं गहाळ होतात. रेल्प पोचपावती मागतं, ते वापरा.

आणि घड्याळं जुळवा हो. नोडांची घड्याळं दोन-दोन मिनिटं मागेपुढे असली तर आधी कोण पडलं आणि त्यामुळे नंतर कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत तर तारखेला वर्षच नसतं! महिना, दिवस, वेळ, संपलं. चौथीतल्या मुलाने असा अर्ज लिहिला असता तर मी परत दिला असता. २००९ साली आरएफसी ५४२४ने पूर्ण तारीख लिहायची रीत घालून दिली. आरसिसलॉगमध्ये त्यासाठी एखादी ओळ बदलावी लागते. ज्यांनी अजून बदलली नसेल त्यांनी ती आजच बदलावी.