तलवार आली, दफ्तराचे काय?

रघुजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली. त्याआधी २०२४ मध्ये वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. महाराष्ट्राने दोहोंचे स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु शस्त्र मुके असते. कोणती मोहीम कोणत्या हेतूने निघाली, तिचा खर्च कसा भागला, हे सांगतो तो कागद. आणि तो कागद विलायतेहून आणावयाचा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तो आहेच.

पेशवाई बुडाल्यावर हे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामांच्या चौकशीसाठी त्यांनी ते चाळले. एतद्देशीय संशोधकांना मात्र दीर्घकाळ दार बंदच राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मग गावोगावच्या वाड्यांतील रुमाल सोडवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने मिळवली. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून अल्पावधीत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. तरीही ती ओंजळच. सागर अद्याप रुमालांत बांधलेला आहे.

दार आज उघडे आहे, पण ते संशोधकासाठी. सामान्य नागरिकापुढे मोडी लिपीचे कुलूप आहे. आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आपल्याला वाचता येत नाही, याहून मोठा दुरावा कोणता? म्हणूनच या कागदांचे स्वतंत्र संग्रहालय हवे, आणि तेही शासनाच्या खर्चाने. मूळ पत्र, शेजारी बालबोध वाचन, सोबत नकाशा. पेशव्यांची रोजनिशी, परगण्याचा हिशेब, वतनाचा निवाडा, दुष्काळात रयतेला दिलेली सूट. स्वराज्य केवळ रणांगणावर नव्हे, कचेरीतही उभे राहिले होते, हे विद्यार्थ्याला तेथे कळेल.

शाळा आणि दवाखाने अपुरे असताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु शाळा उद्याही बांधता येते. वाळवीने खाल्लेला कागद पुन्हा लिहिता येत नाही. संगणकावर प्रतिमा घेतल्या की झाले, हा युक्तिवादही अपुरा आहे. प्रतिमा आवश्यकच, पण तिचा अर्थ लावणारा मोडीवाचक आधी हवा.

येथेच खरी मेख आहे. इमारतीला निधी मिळतो, कारण तिचे उद्घाटन होते. दमट हवेपासून रक्षण, जीर्ण पानांची डागडुजी, वाचकांचे वेतन यांना फीत कापावी लागत नाही, म्हणून तेथे हात आखडतो. जुना कागद प्रखर उजेडात सतत मांडताही येत नाही. तो पाळीपाळीने दाखवावा लागतो. यासाठी एकरकमी अनुदान नव्हे, दरवर्षीची हमखास तरतूद हवी. ती नसेल, तर संग्रहालय म्हणजे कागदांची शोभिवंत समाधी ठरेल.

शासनाकडे हे मागताना समाजानेही आपला वाटा उचलावा. घराघरांतील जुनी दफ्तरे तज्ज्ञांना दाखवावीत. प्रत्येक शाखेतून, शाळेतून निदान दोन तरुणांनी मोडी शिकावी. इतिहासाचा अभिमान घोषणेने व्यक्त होतो. त्याचे जतन मात्र कागद वाचूनच होते.