सोतु गेद्दळु

गेल्या शनिवारी आमची धाकटी मैदानावरून आली ती बूट कोपऱ्यात भिरकावूनच. म्हणाली, ‘बाबा, मी आता बास्केटबॉलला जाणार नाही.’ कारण विचारलं तर बोलेना. रात्री अज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आमच्या घरात भांडण मराठीत होतं आणि रडणं कन्नडमध्ये!

सामना दरवर्षी ढाल नेणाऱ्या संघाशी होता. हिच्या हातात चेंडू आला की त्या मुली हिला अडवायलाच येत नव्हत्या. ‘सोडा तिला, तिचा नेम लागत नाही,’ असं एकमेकींना ओरडून सांगत होत्या. हरल्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. आपल्याला अडवण्याच्याही लायकीचं समजलं नाही, हे मनाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला केटलिन क्लार्कची गोष्ट सांगायला घेतली. अमेरिकेतल्या आयोवा या मक्याच्या शेतांच्या राज्यातली ही मुलगी. तिथल्याच विद्यापीठाकडून खेळायची. तीन गुणांची रेषा बास्केटपासून पावणेसात मीटरवर असते. ही त्याच्याही कितीतरी मागून चेंडू फेकायची. कॉलेजच्या चार वर्षांत तिनं 3,951 गुण केले. तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तोवर मुलांतही कुणी एवढे केले नव्हते.

तिच्यासमोर होता साउथ कॅरोलायनाचा संघ. 2023 च्या उपांत्य फेरीत आला तेव्हा त्यानं सलग 42 सामने जिंकलेले. क्लार्कनं एकटीनं 41 गुण केले आणि आयोवानं 77-73 असा तो डोंगर हलवला. मात्र अंतिम सामन्यात लुइझियानाच्या संघानं त्यांना हरवलं.

‘म्हणजे मी क्लार्कसारखं व्हायचं?’ धाकटीनं तोंड वाकडं केलं.

‘नाही गं, तुझी गोष्ट पुढेच आहे,’ मी म्हटलं.

त्या उपांत्य सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनकडे चेंडू आला. ती मोकळी उभी होती, पण क्लार्क तिला अडवायला गेलीच नाही. ‘हिला सोडा’ असा हात तेवढा हलवला. ते दृश्य मोबाईलवरून घरोघर पोचलं. लोक हसले. खेळ सोडून द्यावा असंही मनात आलं होतं, हे जॉन्सननंच पुढे सांगितलं.

पण तिनं खेळ सोडला नाही. 7 एप्रिल 2024 रोजी क्लीव्हलंडला अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. क्लार्कनं पहिल्याच सत्रात 18 गुण ठोकले. उरलेल्या तीन सत्रांत मिळून तिला 12 च करता आले, कारण तिला अडवणाऱ्यांत पुढे होती जॉन्सन! मध्यंतराच्या तोंडावर तर तिनं क्लार्कच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि थेट बास्केट केली. गुणांच्या यादीत तिचं नाव वर नव्हतं, पण साउथ कॅरोलायना 87-75 नं जिंकली. बदली खेळाडूंनीच त्यांना 37 गुण दिले. आयोवाच्या बदली खेळाडूंचा एकही गुण नव्हता. एकटीनं किती ओढायचं?

विजयी संघाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी त्या आनंदातही क्लार्कचे जाहीर आभार मानले. तो सामना तिकडे सरासरी 1 कोटी 85 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मुलींच्या अंतिम सामन्याला मुलांच्यापेक्षा जास्त प्रेक्षक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

अज्जी पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, ‘सोतु गेद्दळु.’ हरून जिंकली.

‘कोण अज्जी? क्लार्क की जॉन्सन?’ धाकटीनं विचारलं.

‘इब्बरू,’ अज्जी म्हणाली. दोघीही.

वाचकहो, धाकटीचा नेम अजून काही सुधारलेला नाही. पण काल संध्याकाळी ती मैदानावर त्याच मोकळ्या जागेवर उभी राहून चेंडू फेकत होती. अज्जी कट्ट्यावर बसून मोजत होती, ‘ओंदु, एरडु, मूरु...’ आणि चुकलेलेही मोजत होती.